नावाचा ‘शाळा सोडल्याचा दाखला’

आता अनेक शाळांची स्वतःची संकेतस्थळे आहेत. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन नेम, कधीतरी एखाद्या कंपनीकडे नोंदवलेले असते. पुढे दर वाढतात, तक्रारींना उत्तर मिळत नाही, म्हणून ते दुसऱ्या कंपनीकडे न्यायचे ठरते. आणि मग खेटे सुरू होतात. वास्तविक हा एका नोंदीतला फेरफार. मग एवढा त्रास का?

इंटरनेटवर संगणकांना अंकी पत्ते असतात. असे पत्ते लक्षात ठेवणे कठीण, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली नावावरून पत्ता शोधण्याची पद्धत आखली. तिच्यात ‘डॉट कॉम’ने संपणाऱ्या सर्व नावांची एकच मूळ वही असते. ती सांभाळणारी संस्था म्हणजे रजिस्ट्री. ग्राहकांकडून नोंदणी घेणाऱ्या कंपन्या म्हणजे रजिस्ट्रार. वहीत प्रत्येक नावापुढे त्याच्या रजिस्ट्रारची नोंद असते. स्थलांतरात बदलतो तो हाच रकाना. संकेतस्थळाचा मजकूर त्याबरोबर हलत नाही. हवा असल्यास तो वेगळा हलवावा लागतो.

विद्यार्थी शाळा बदलतो तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. येथे दाखल्याच्या जागी ‘ऑथ कोड’ नावाचा गुप्त संकेतांक असतो. जुना रजिस्ट्रार तो देतो, आपण तो नव्याकडे सादर करतो. जाणाऱ्या ग्राहकाला दाखला देण्यात जुन्या कंपनीला उत्साह नसतो, हे सांगायला नकोच.

या अडवणुकीवर उपाय म्हणून नावांच्या व्यवस्थेची देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेने नोव्हेंबर २००४ मध्ये नियम बदलला : जुना रजिस्ट्रार ५ दिवस गप्प राहिला, तर संमती धरावी. दोनच महिन्यांनी, जानेवारी २००५ मध्ये, न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवा कंपनीचे नाव तिच्या नकळत ऑस्ट्रेलियातील रजिस्ट्रारकडे गेले. ग्राहकांची पत्रे भलतीकडेच जाऊ लागली. नाव परत मिळेपर्यंत दोन दिवस गेले.

खरी अडचण ही आहे. दार सैल ठेवले तर चोराचे फावते, घट्ट केले तर मालकच आत अडकतो. म्हणून नावाला कुलूप असते. स्थलांतरापूर्वी ते उघडून घ्यावे लागते. नवी नोंदणी किंवा स्थलांतर झाल्यावर सहसा ६० दिवस नाव हलवता येत नाही. डिसेंबर २०१६ पासून मालकाचे नाव किंवा ई-मेल बदलल्यावरही, आधी सवलत घेतली नसेल तर, ‘डॉट कॉम’सारख्या नावांना ६० दिवसांची बंदी लागते. पुष्कळजण येथेच फसतात : ई-मेल जुना म्हणून बदलावा, तर बंदी, न बदलावा, तर संकेतांक सेवेत नसलेल्या माणसाकडे जातो!

यावरून काही गोष्टी आपोआप ठरतात. नोंदणी शाळेच्याच नावे हवी, संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावे नको. ई-मेल व्यक्तीचा नसावा, कार्यालयाचा असावा; पण तो शाळेच्या त्याच डोमेनवरचा नको, कारण नाव बंद पडले की तो ई-मेलही बंद. स्थलांतराची तयारी मुदत संपण्याच्या तीन महिने आधी सुरू करावी. ‘डॉट कॉम’च्या स्थलांतरात मुदत सहसा एक वर्षाने वाढते, त्यामुळे आधी भरलेले पैसे बुडत नाहीत.

शाळेच्या दप्तरात मालमत्तेची नोंदवही असतेच. तिच्यात बाके, कपाटे, प्रयोगशाळेची उपकरणे यांच्याखाली आणखी एक ओळ हवी : डोमेनचे नाव, नोंदणी कोणाच्या नावे, मुदत केव्हा संपते.