मराठवाड्याचे विद्यापीठ

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील मुलांना पदवीचे शिक्षण घेणे फार कठीण होते. त्यासाठी हैदराबादेस जावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. परंतु त्याचे माध्यम उर्दू होते. परक्या शहरातील खर्च आणि परकी भाषा या दोन्ही गोष्टी गरिबाच्या मुलास कशा पेलाव्यात?

१९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले. दोनच वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले.

विद्यापीठाचा कारभार एकट्याच्या हाती नसतो. राज्यपाल हे कुलपती. दैनंदिन कारभाराची धुरा कुलगुरू वाहतात. अभ्यास, संशोधन व परीक्षा यांचा दर्जा विद्यापरिषद राखते. पैसा व मालमत्ता यांची व्यवस्था व्यवस्थापन परिषद पाहते. अधिसभेत प्राध्यापक, प्राचार्य व पदवीधर यांचे प्रतिनिधी बसतात.

विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. त्यास हिंसक विरोध झाला. दलितांची घरे जाळली गेली; कित्येकांचे प्राण गेले. दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव मिळाले.

मुलांनो, ज्ञानाचे दार सर्वांसाठी उघडे असावे, हाच या नावाचा अर्थ आहे.