मीटरवरचे साठ

अंजनगाव सुर्जीतल्या एका गॅरेजात ओढून आणलेली गाडी उभी होती. किल्ली फिरवली की पॅनलवरचे सगळे दिवे लागत, स्टार्टर फिरे, पण इंजिन काही सुरू होईना. स्कॅनरवर कोड आला यू-०१००, म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क नाही. आधी जिथे दाखवली तिथे मालकाला सांगितलं होतं, मॉड्यूल गेलं, नवं टाका. मिस्त्रींनी बॅटरीची तार काढली, पाच मिनिटं थांबले आणि स्टीअरिंगखालच्या स्कॅनरच्या सॉकेटात, ६ आणि १४ नंबरच्या पिनांना साध्या मल्टिमीटरची टोकं लावली. आकडा आला १२०.

"मॉड्यूल नाई गेलं भाऊ. त्याले बोलाले वाटच नाई रायली."

इंजिन, ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग, आज प्रत्येकाचा वेगळा छोटा संगणक, म्हणजे मॉड्यूल, असतो. प्रत्येकाला प्रत्येकाशी स्वतंत्र तारेने जोडायचं तर गाडीत तारांचं जंगल होईल. बॉश कंपनीने १९८६ साली यावर 'कॅन' ही पद्धत जगापुढे मांडली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच तारा, आणि सगळी मॉड्यूलं त्यांच्यावरूनच बोलतात. शांत असताना दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. संदेश निघाला की एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते, आणि ऐकणारं मॉड्यूल फक्त दोघींमधला फरक पाहतं. इग्निशनचा, अल्टरनेटरचा खरखराट पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. या रचनेतलं मला सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

विहिरीत खडा टाकला की तरंग काठाला आपटून माघारी येतात. तारेतला संदेशही टोकाला जाऊन असाच उलटतो आणि मागून येणाऱ्याला बिघडवतो. तो तिथेच जिरावा म्हणून दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर बसवलेले असतात. विजेला दोन सारख्या वाटा मिळाल्या की अडथळा निम्मा होतो, म्हणून मीटरवर ६० दिसायला हवेत. शून्याच्या आसपास दिसलं तर तारा एकमेकींना चिकटल्या. १२० दिसलं तर एका टोकाचा रेझिस्टर मीटरला पोचतच नाही. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि तारांच्या मध्ये गेटवे असतो, तिथे हे माप आत जाऊन घ्यावं लागतं.

या गाडीत एक रेझिस्टर इंजिनच्या मॉड्यूलमध्येच होता. मिस्त्रींनी कपलर काढून मॉड्यूलच्या दोन पिना मोजल्या, तिथे १२० व्यवस्थित होते. म्हणजे दोष मधल्या वाटेत. हार्नेसवरची टेप बोटभर-बोटभर सोडवत गेल्यावर बॅटरीच्या ट्रेखाली उंदराने कुरतडलेली जागा सापडली. पिवळी तार शाबूत, हिरवी तुटलेली, आतलं तांबं काळं पडलेलं.

मॉड्यूलची किंमत ऐकून हबकलेला मालक जवळ येऊन वाकून पाहू लागला. मिस्त्रींनी तांबं घासून चकचकीत केलं, डाग दिला, त्यावर स्लीव्ह चढवली आणि दोन्ही तारांना पुन्हा पहिल्यासारखा पीळ घातला. कपलर बसवून परत मीटर लावला.

६०.