सातबारा टपालात कसा बसतो?

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावर मिळू लागला. यवतमाळच्या शेतकऱ्याने तो मागितला, की संगणक गट क्रमांक, नाव, क्षेत्र या नोंदी ठरलेल्या साच्यात भरतो आणि दस्तऐवज तेथल्या तेथे तयार करतो.

आता हा दस्तऐवज ई-मेलला जोडायचा आहे. ई-मेलची १९८२ ची पद्धत सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांपुरती होती. दस्तऐवजाचे बाइट मात्र आठ बिटांचे. वाटेत एक बिट जरी बदलला, तरी स्वाक्षरी पडताळणीत टिकत नाही! १९९२ मध्ये बोरेनस्टीन व फ्रीड यांनी मांडलेल्या 'माइम' पद्धतीत यावर उपाय आहे. तीन बाइट, म्हणजे २४ बिट, घेऊन त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडतात. प्रत्येक गटाला ६४ साध्या चिन्हांपैकी एक मिळते.

'यवतमाळ'मधला 'य' घ्या. यूटीएफ-८ मध्ये त्याचे बाइट २२४, १६४, १७५. त्यांचे गट होतात ५६, १०, १८, ४७ आणि चिन्हे ४, के, एस व लहान व्ही. पोचल्यावर हीच क्रिया उलट होते. तिनाचे चार झाल्यामुळे ३०० किलोबाइटचा सातबारा सुमारे ४०० किलोबाइटचा होतो.

'व'चे बाइट २२४, १६४, १८१ आहेत. त्याचे गट तुम्हीच पाडून पाहा.