सिस्टरशी बोलत राहा

परवा एका गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर एक विषय निघाला. तोच आज तुमच्यापुढे मांडते आहे. बाळंतपणासाठी दवाखान्यात दोन-तीन दिवस राहणं आता आपल्याला नवीन नाही. पण बाळंतपणाच्या आधीच, सातव्या-आठव्या महिन्यात, तीन-चार आठवडे दवाखान्यात राहावं लागलं तर? घर नाही, थोरलं लेकरू जवळ नाही, खाट परकी. डॉक्टर राउंडला येतात, तपासतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. मग दिवसरात्र आपल्याजवळ असतं कोण? सिस्टर. तिच्याशी आपलं नातं कसं असावं, आणि ते का महत्त्वाचं आहे, ते आज सांगते.

आधी हे बघू की इतके दिवस ठेवतात कशासाठी. कोणाचं बीपी वाढलेलं असतं. कोणाची वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असते आणि एकाएकी अंगावरून रक्त जाण्याची भीती असते. कोणाचं मुदतीच्या कितीतरी आधी पाणी गेलेलं असतं. कोणाचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलेलं असतं. यातल्या बऱ्याच जणी वरून धडधाकट दिसतात. हिंडतात, जेवतात. म्हणून घरचे म्हणतात, "हिला झालंय काय? उगाच अडकवून ठेवलंय." पण या दुखण्यांमध्ये धोका सांगून येत नाही. तो आला तर काही मिनिटांत हालचाल करावी लागते. म्हणजे आपल्याला तिथं ठेवलेलं असतं ते लक्ष ठेवण्यासाठी. आणि हे लक्ष ठेवण्याचं काम बहुतेक सिस्टरच करते.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, पण गोष्ट सांगायला तिची परवानगी आहे. दुसऱ्या खेपेला तिला सातवा संपत आला होता. पायाला, तोंडाला सूज. आशाताईंनी तपासणीला नेलं तर बीपी १६० आणि ११०. साधारणपणे १४० आणि ९० झालं तरी गरोदरपणात ते जास्त समजतात. तिला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं, दाखल करून घेतलं आणि सांगितलं, बाळंतपण होईपर्यंत इथंच राहायचं.

पहिले चार दिवस ती नुसती रडत होती. घरी चार वर्षांची मुलगी, म्हातारी सासू. पाचव्या दिवशी मुलीशी फोनवर बोलायला म्हणून ती न सांगता बाहेर व्हरांड्यात गेली. इकडे सिस्टर बीपी बघायला आली तर खाट रिकामी. सगळ्या वॉर्डासमोर ती हिला ओरडली. आमची मैत्रीण मानी. तिनं बोलणंच टाकलं. विचारलं तेवढ्याला हो किंवा नाही.

दोन दिवसांनी रात्री तिचं डोकं फुटेल असं दुखायला लागलं. डोळ्यापुढे काजवे चमकले. पण तिच्या मनात आलं, सांगायला गेलं तर पुन्हा ओरडा बसेल. पहाटेपर्यंत दम धरू. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिचं कण्हणं ऐकू आलं, तिनं सिस्टरला हाक मारली. सिस्टर धावत आली, बीपी बघितलं, डॉक्टरांना बोलावलं. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन सुरू झालं. शेजारीण झोपलेली असती तर काय झालं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सकाळी ड्यूटी संपल्यावर तीच सिस्टर खाटेवर येऊन बसली. म्हणाली, "अगं, मी ओरडले ते तू खाटेवर दिसली नाहीस म्हणून. वाटलं, कुठं चक्कर येऊन पडली की काय. तुझा राग माझ्यावर काढ, पण डोकं दुखलं की मला सांग. दहा वेळा उठव." आमची मैत्रीण म्हणते, "त्या दिवशी मला कळलं की घाबरलेली मी एकटी नव्हते."

मैत्रिणींनो, आजचा सगळा विषय एवढाच आहे. सिस्टरशी चांगलं नातं म्हणजे गोड बोलून आपलं काम काढून घेणं नव्हे. आपल्या शरीरात काय होतंय ते न लाजता, न घाबरता, वेळेवर सांगता येणं म्हणजे ते नातं. बीपी यंत्रावर दिसतं. पण डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येते, बरगडीखाली पोटात दुखतंय, बाळाची हालचाल कमी वाटते, हे यंत्र सांगत नाही. ते आपणच सांगायचं असतं.

मग हे नातं जमवायचं कसं?

पहिली गोष्ट, तिचं काम समजून घ्या. दर काही तासांनी बीपी, नाडी, बाळाचे ठोके बघायचे, गोळ्या-इंजेक्शनं वेळेवर द्यायची, लघवीची तपासणी पाठवायची, आणि हे सगळं केसपेपरवर लिहायचं. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला एकेका पेशंटची माहिती सांगते. त्या वेळी दोघी गडबडीत असतात. साधी विचारपूस तेव्हा करू नका, थोड्या वेळानं करा. मात्र रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं दुखलं, तर कोणतीही वेळ बघू नका. सरळ हाक मारा.

दुसरी गोष्ट, नाव विचारा आणि आपलं सांगा. "सिस्टर, तुमचं नाव काय?" एवढ्यानं सुरुवात होते. नाहीतर आपण केसपेपरवरच्या खाटेचा नंबर होऊन बसतो. आमच्या मैत्रिणीला पुढे कळलं की त्या सिस्टरची मुलगी दहावीला आहे, आणि परीक्षेच्या दिवसांतच आईला रात्रपाळी लागली आहे. मग ही रोज सकाळी विचारायची, "सिस्टर, कालचा पेपर कसा गेला मुलीचा?" आणि सिस्टर विचारायची, "तुझी मुलगी जेवली का काल? फोन झाला का?" घर सोडून आलेल्या दोघी आया. त्यांचं जमायला वेळ लागला नाही.

तिसरी गोष्ट, खरं सांगा. गोळी घेतली नाही तर घेतली म्हणू नका. घरून आलेलं लोणचं-पापड खाल्लं असेल, बाहेरचं औषध किंवा काढा घेतला असेल, तर सांगा. सिस्टर रागावेलही. पण तिला चुकीची माहिती मिळाली तर उपचारही चुकीचे होतील.

चौथी गोष्ट, विचारा. "हे इंजेक्शन कशाचं?" "आज बीपी किती आलं?" असं विचारणं म्हणजे उलट बोलणं नव्हे. आमच्या मैत्रिणीला मुदतीआधी बाळंतपण होण्याचा संभव होता, म्हणून बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत यासाठी इंजेक्शनं दिली होती. ती कशासाठी हे सिस्टरनं समजावल्यावर तिची सुईची भीती गेली. मग ती वहीत रोजचं बीपी लिहायला लागली. नवीन बाई दाखल झाली की तिला संडास कुठं, जेवण कधी, सिस्टरला केव्हा बोलवायचं, हे ती सांगायची. सिस्टर तिला "वॉर्डाची मॉनिटर" म्हणायची.

आता जे करायचं नाही तेही सांगते. पैसे द्यायचे नाहीत. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, दवाखान्यातलं जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. कोणी चहापाण्याला मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा. पैशानं घेतलेली माया पैसे संपले की संपते.

आणि सगळ्याच सिस्टर अशा भेटतील असं नाही. एखादी खरंच अपमान करते, जातीवरून, कपड्यांवरून, मुलींच्या संख्येवरून बोलते. ते सोसायचं नाही. आधी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला सांगा. तिथं ऐकलं नाही तर दवाखान्याच्या अधीक्षकांना लेखी द्या. २०१७ पासून केंद्र सरकारचा 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू आहे. बाळंतीण होणाऱ्या बाईला सन्मानानं वागवलं पाहिजे आणि प्रसूतीच्या वेळी तिच्या आवडीची एक बाई तिच्याजवळ असावी, असं त्यात म्हटलं आहे. तक्रार करताना एक मात्र लक्षात ठेवा. एकीचा राग धरून दुसरीशी अबोला नको. पुढच्या पाळीत येणारी सिस्टर वेगळी असते.

शेवटी आपल्या गटाचं काम. दवाखान्यातली बाई सही करून घरी निघून येते ती बहुतेक वेळा घरच्या काळजीनं. आमच्या मैत्रिणीनंही तसं ठरवलं होतं. आम्ही गटात बसून वाटणी केली. दोघींनी मुलीला सांभाळलं. तिच्या हप्त्याचं काय करायचं ते गटानं ठराव करून ठरवलं, म्हणजे तिच्या डोक्यावर ओझं नको. आठवड्यातून एक जण भेटायला जायची. जाणारीला आम्ही बजावलं होतं, गावातलं वाईट काही सांगायचं नाही, आणि सिस्टरशीही दोन शब्द बोलून यायचं.

अठ्ठाविसाव्या दिवशी, चौतिसावा आठवडा लागल्यावर, तिचं बाळंतपण झालं. मुलगा, वजन १ किलो ८०० ग्रॅम. त्याला काही दिवस काचेत ठेवलं. मग सिस्टरनंच तिला बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब कशी द्यायची ते शिकवलं. आज तो अंगणात कोंबड्यांच्या मागे पळतो.

घरी निघताना हिनं सिस्टरला साडी द्यायचं मनात धरलं होतं. सिस्टरनं घेतली नाही. म्हणाली, "द्यायचंच असेल तर गावात जाऊन सांग, की दुखलं-खुपलं तर गप्प बसू नका."

तिनं गटात सांगितलं. मी तुम्हाला सांगितलं. आता तुमच्या गटात, तुमच्या गल्लीत जी पोटुशी असेल, तिला तुम्ही सांगा. पुन्हा भेटू. नमस्कार.