झडीतला लोणार : समुद्राविना खारा काठ

बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी खारे पाणी, चिखलाचा काठ आणि त्या काठाने लांब पाय टाकत फिरणारे पक्षी पाहायला इथल्या माणसाला कोकण गाठावे लागत नाही. मेहकरहून लोणारची एस.टी. धरली की काम भागते. ती हिवाळ्यात धरावी, असे कोणीही सांगेल. आषाढात, तेही चार दिवसांची झड लागलेली असताना, दुर्बीण गळ्यात अडकवून निघणाऱ्याला मात्र शेजारीपाजारी वेड्यात काढतात.

लोणारच्या विवराच्या कडेला उभे राहिले की आधी त्या शेजाऱ्यांचेच बरोबर वाटते. सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरांच्या घरातले खोल हे भांडे ढगाने काठोकाठ भरलेले असते. सरोवर कुठे, झाडी कुठे, काही कळत नाही. खालून फक्त मोरांचा ओरडा येतो, एकाचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. मग वारा फिरतो, ढगाला खिडकी पडते आणि हिरवट पाण्याचा एक तुकडा दिसून पुन्हा झाकला जातो.

काळ्या बसाल्ट खडकावर उल्का आदळून हे विवर झाले, हे आता शाळकरी पोरेही सांगतात. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये त्याची नोंद केली, तेव्हा आणि नंतरही बराच काळ ते ज्वालामुखीचे मुख मानले जात होते. आघाताचे भक्कम पुरावे १९७३ च्या सुमारास पुढे आले. वयाचा घोळ त्याहून मजेशीर आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, पुढे दुसऱ्या पद्धतीने थेट पावणेसहा लाखांच्या आसपास. पक्ष्यांना दोन्ही आकडे सारखेच.

त्यांना फरक पडतो तो पाण्याने. या भांड्याला बाहेर जायची वाट नाही. पाऊस पडतो, कडेचे झरे आत उतरतात, पण पाणी निघते ते केवळ वाफ होऊन. क्षार मागे उरतात. म्हणून पाणी खारट आणि सोड्यासारखे अल्कधर्मी. त्याचा सामू दहाच्या आसपास नोंदला गेला आहे. अशा पाण्यात मासा तग धरत नाही, पण शेवाळ आणि किडे-अळ्या मुबलक. मासेखाऊ पक्ष्याने इथे फार आशा ठेवू नये. चिखलात चोच खुपसणाऱ्याची चंगळ. कडेच्या झऱ्यांचे गोडे पाणी जिथे खाऱ्याला मिळते, तिथे आधी दुर्बीण लावावी, हा इथला साधा हिशेब आहे.

उतरताना मात्र नजर पायाखाली हवी. पायऱ्यांवर शेवाळ, पायवाटेवर काळी माती, आणि ही माती बुटाला धरली की दर पावलागणिक वजन वाढते. छत्री इथे निरुपयोगी. दुर्बिणीच्या काचांवर वाफ धरते. सुती रुमाल केव्हाच भिजलेला असतो, म्हणून जाणते लोक कोरडे फडके प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात.

उतारावरचे पानगळीचे रान या दिवसांत गर्द असते, त्यामुळे डोळ्यांपेक्षा कान उपयोगी. आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्याबरोबर आलेला चातक सातभाईंच्या थव्यामागे घुटमळतो. त्यांच्या घरट्यात त्याला अंडी टाकायची असतात. ढगाळ उजेडात नवरंगाची दोन सुरांची शीळ अशा रानात दुपारीही ऐकू येते. एरवी ती पहाटे आणि तिन्हीसांजेची. पावशा आहेच, पेरण्या उरकल्या तरी शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ म्हणून हैराण करणारा.

झडीतला सगळ्यात मोठा ऐवज मात्र सुगरणीच्या घरट्यांचा. बाभळीच्या काटेरी फांदीला ती लोंबतात, तीही बहुधा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा-पाऊस खोडाने आणि फांद्यांनी अडवावा. नर गवताचे पाते चोचीत धरून कडेने चिरतो, हिरवी लांब दोरी काढतो आणि उलटे लटकून ती ओवतो. अर्धे घर झाले की पंख फडफडवून मादीला बोलावणे. तिला पसंत पडले तर पुढे नळी विणायची, नाहीतर नवे काम सुरू. आतून ओल्या मातीचे गोळे लिंपलेले असतात. ते कशासाठी, यावर एकमत नाही. पण ऐन पावसात हे बांधकाम थांबत नाही, आणि ते दहा मिनिटे नीट पाहिले तरी भिजल्याचे सार्थक होते.

काठावर थव्यांची अपेक्षा नको. शेकाटे वाऱ्याकडे तोंड करून, गुलाबी काड्यांसारखे पाय रोवून उभे असतात. टिटवी उगाच आरडाओरडा करते. टिबुकल्या बुडतात आणि भलतीकडे वर येतात. धनवर बदकांची जोडी दिसली तर दिवस चांगला.

पावसाची गंमत अशी की तो रानातल्या पक्ष्यांना देतो आणि काठावरच्यांकडून काढून घेतो. पाणी चढले की चिखलाची पट्टी बुडते आणि चिखलात चरणाऱ्यांची पंगत उठते. क्षारही पातळ होतात. उलट प्रकार जून २०२० मध्ये जगाने पाहिला. पाणी आटले, खारटपणा वाढला आणि सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे श्रेय मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांना दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून ‘रामसर’ दर्जा मिळाला. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वरनंतर हे दुसरेच स्थळ. त्या नोंदीत इथले पक्षी सुमारे १६० प्रकारचे आहेत. गुलाबी पाण्याचे फोटो जितक्या लोकांनी पुढे ढकलले, त्याच्या शतांशानेही ही यादी वाचली नसेल.

पाऊस फारच कोसळू लागला तर गावातले दैत्यसूदनाचे मंदिर आडोशाला उत्तम. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचे हे देऊळ चालुक्यकालीन, आणि छतावरचे कोरीवकाम निवांत पाहायला झडीसारखे निमित्त नाही.

चक्रवाक, थापट्या, धोबी ही पाहुणे मंडळी दिवाळीनंतर येतात, तेव्हा दुसरी फेरी ठरलेलीच. तोवर पाणी उतरून चिखल उघडा पडला असेल तर साधी दुर्बीण पुरते. पाणी वर राहिले तर पक्षी आत मध्यावर तरंगतात, आणि मग तिपाईवरची मोठी दुर्बीण कोणाकडून तरी मागून आणावी लागते.