मनोभावाचा बाजारभाव

कोणते गाणे ऐकावे हे ठरविण्याचे काम श्रोत्याने आता बव्हंशी संगणकाकडे सोपविले आहे. ‘प्रसन्न सकाळ’, ‘अभ्यासाची वेळ’ अशी एखादी पाटी निवडावी, की पुढची पन्नास गाणी यंत्र आपणहून लावते. ही सोय मोठी आहे. केवळ जुन्या सवयीपोटी तिच्याविरुद्ध कुरकुर करणे योग्य नव्हे. विविध भारतीचा निवेदकही आपल्यासाठी निवड करतोच. प्रश्न आहे तो ही निवड कोणत्या मापाने होते आणि त्या मापाचा कलावंताच्या मिळकतीशी काय संबंध पोचतो, हा.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील दोन संशोधकांनी २००५ साली ‘एको नेस्ट’ ही कंपनी काढली. तिची प्रणाली ध्वनिमुद्रणाचे पृथक्करण करून प्रत्येक गाण्यास आकडे देत असे: मिनिटाला ठोके किती, जोम किती, प्रसन्नता किती. प्रसन्नतेचे माप शून्य ते एक! २०१४ मध्ये स्पॉटिफायने ही कंपनी विकत घेतली आणि पुढल्याच वर्षी धावणाऱ्याच्या पावलांशी लय जुळविणारी गाणी लावून दाखविली. ती सोय २०१८ मध्ये बंद झाली.

मूळ कल्पना मात्र जुनीच. १९३४ साली स्थापन झालेली अमेरिकेतील ‘म्यूझॅक’ कंपनी पुढे कारखान्यांना व कचेऱ्यांना पंधरा-पंधरा मिनिटांच्या, क्रमाक्रमाने उत्तेजक होत जाणाऱ्या संगीताचे तुकडे पुरवीत असे. १९८२ मध्ये मिलिमन या संशोधकाने तेथील एका मोठ्या किराणा दुकानात प्रयोग केला, तेव्हा द्रुत संगीतापेक्षा मंद संगीत चालू असताना विक्री सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक आढळली. लयीचे मोजमाप प्रथम केले ते रसिकाने नव्हे, दुकानदाराने.

हे माप आपल्या ख्यालाला लावले म्हणजे काय होते? अतिविलंबित एकतालात एका मात्रेला चार-पाच सेकंद लागतात; म्हणजे मिनिटाला जेमतेम बारा-पंधरा मात्रा. तबलजी मात्रेच्या पोटात जे बोल भरतो, त्यांनाच यंत्र ठोके समजण्याचा संभव असतो. लय दुप्पट किंवा चौपट मोजण्याची ही चूक त्या शास्त्राच्या जाणकारांना चांगली परिचित आहे. मारव्याच्या व्याकुळतेला प्रसन्नतेचा कोणता आकडा द्यावा, हे तर देवच जाणे.

पण खरी मेख हिशेबात आहे. स्पॉटिफायच्या उत्पन्नातील सुमारे दोन तृतीयांश रक्कम हक्कधारकांना जाते आणि गाणे किती वेळा वाजले त्या प्रमाणात तिची वाटणी होते. तीस सेकंद वाजले की एक नोंद. चाळीस मिनिटांचा ख्याल कोणी समाधी लावून ऐकला तरी नोंद एकच. तेवढ्याच वेळात अडीच मिनिटांच्या गाण्यांच्या सोळा नोंदी होतात. शिवाय २०२४ पासून वर्षभरात हजार वेळाही न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला काहीच मिळत नाही.

आणि ‘उदास, मंद’ या पाटीखाली गाणे गेले की गायकाचे नाव गौण ठरते. मार्केट यार्डात गव्हाची प्रत लागली, की तो कोणाच्या शेतातला हे कोण विचारतो? एकाच्या जागी दुसरा चालतो, आणि ज्याच्या जागी दुसरा चालतो त्याला भाव ठरविता येत नाही. कमी मानधन पत्करल्यास तुमचे गाणे अधिक श्रोत्यांपुढे ठेवू, अशी योजनाही या कंपनीने २०२० मध्ये आणली. आमच्या अडतबाजारात याला वेगळे नाव आहे.

उपाय नाहीत असे नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये स्वतंत्र कलावंतांसाठी, प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांतच वाटण्याची पद्धत सुरू केली. दीर्घ रागसंगीताची गणना नोंदींऐवजी ऐकलेल्या मिनिटांवर करणेही तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. कारण कोण किती मिनिटे ऐकतो याचा हिशेब त्या यंत्रापाशी आधीपासूनच आहे.