निकेलच्या जोडीला लोखंड

टोलनाक्यावर गाडी थांबली की पुढच्या ट्रकचा धूर थेट नाकात जातो. त्याला पर्याय ठरू शकणारी हायड्रोजनची बस पुण्यात 21 ऑगस्ट 2022 रोजी दाखवली गेली, केपीआयटी कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने बनवलेली. तिच्यातून बाहेर पडते ती नुसती वाफ. पण हायड्रोजन आणायचा कुठून?

पाण्यातून. ग्लासभर पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवा. दोन्हीकडून टोक काढलेल्या दोन पेन्सिली त्यात बुडवा आणि वरच्या टोकांना 9 व्होल्टची बॅटरी जोडा. ऋण बाजूच्या टोकावर बारीक बुडबुडे दाटतात, तो हायड्रोजन.

पाणी फोडायला हिशेबाने 1.23 व्होल्ट पुरायला हवेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. ही जादा वीज वाचवतो उत्प्रेरक. आम्लधर्मी पडद्याच्या यंत्रांत त्यासाठी प्लॅटिनम आणि इरिडियम वापरतात. इरिडियम तर जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं. अल्कधर्मी द्रावणात मात्र साधं निकेल टिकतं. त्यात लोखंडाचा अंश मिसळला, की ऑक्सिजन सुटण्याची अवघड पायरी खूपच सोपी होते, हे कॉरिगन या संशोधकाने 1987 मध्ये दाखवलं. भंगारवाल्याकडे किलोवर विकलं जाणारं लोखंड! मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं.

तरीही किलोभर हायड्रोजनला साधारण 50 युनिट वीज लागतेच. ती सूर्याची किंवा वाऱ्याची असेल, तरच हा हायड्रोजन हरित.